आरोग्यचिंतन : अडलेला काटा

सांगलीहून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. घरात लहानथोर मिळून दहा माणसे, स्वयंपाक दोघी जावांकडे. बाईंचे वय ४१, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७४ किलो होते. रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी चहातील साखर व गोडधोड सोडले, भात निम्म्यावर आणला, रोज पाऊण तास फिरणे सुरू केले, आणि चार महिन्यांत त्या ६६ किलोवर आल्या. त्यापुढे मात्र सात आठवडे झाले, काटा तसूभर हललेला नाही. एवढेच असते तर आम्ही दोन ओळींचे उत्तर धाडून मोकळे झालो असतो. परंतु घरात कुजबुज सुरू झाली आहे. सासूबाई म्हणतात, खाल्ल्यावाचून का वजन अडते, मधल्या वेळी काहीतरी पोटात जात असणार! बाईंना हा आळ सहन होत नाही. आपण चोरून एक घासही खाल्लेला नाही असे त्या शपथेवर लिहितात, आणि ते सिद्ध करण्यासाठी रात्रीचे जेवण सर्वस्वी सोडण्याचे त्यांनी मनात आणले आहे.

मत विचारले आहे, तर ते आधीच सांगतो. रात्रीचे जेवण सोडू नये. सासूबाईंचे म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर आहे, आणि सूनबाई खोटे बोलत नाहीत हेही तितकेच खरे आहे. ही दोन विधाने एका घरात कशी नांदू शकतात हे उभय पक्षांनी समजून घेतले, तर काटाही हलेल आणि बोलणीही थांबतील.

आम्ही शाळेत अंकगणित शिकवीत असू तेव्हा हौदाची उदाहरणे हटकून येत. एका तोटीने पाणी येते, दुसरीने जाते, तर हौद किती तासांत रिकामा होईल? मुले पटकन उत्तर काढीत. त्या उदाहरणांत एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असे, ती ही की बाहेर जाणारे पाणी अखेरपर्यंत एकाच वेगाने जाते. वस्तुतः पाणी जसजसे उतरते, तसतसा तळाच्या छिद्रावरचा दाब कमी होऊन धार बारीक होत जाते. वरची तोटी थोडी जरी चालू असली तरी एका पातळीवर आवक व जावक समान होतात आणि हौद रिकामा न होता तेथेच स्थिर राहतो. देहाचा हिशेबही पुस्तकातल्या हौदाप्रमाणे मांडण्याची चूक जगभर झाली. मॅक्स विश्नॉफ्स्की नामक अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ साली एक पौंड वजन म्हणजे ३,५०० उष्मांक असे समीकरण मांडले. लोकांनी त्यावरून त्रैराशिक केले की, रोज ५०० उष्मांक कमी खाल्ले तर आठवड्यास एक पौंड, वर्षास बावन्न पौंड, आणि पुढे असेच! या हिशेबाने काही वर्षांत मनुष्य नाहीसाच व्हावयास हवा.

प्रत्यक्षात देहाची जावक दोन प्रकारे घटते. पहिला प्रकार उघड आहे. ७४ किलोचा देह चालविण्यास जितके इंधन लागे तितके ६६ किलोच्या देहास लागत नाही. आठ किलोंचे गाठोडे खाली ठेवून जिना चढणाऱ्यास धाप कमी लागते, तसेच हे. दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लिबेल, रोझेनबॉम व हर्श यांनी १९९५ साली दाखवून दिले की, वजन दहा टक्क्यांनी उतरले असता देहाचा खर्च केवळ वजनाच्या मानाने घटावा त्याहूनही अधिक घटतो. म्हणजे दुष्काळाची चाहूल लागताच शहाणा गृहस्थ जसा हात आखडतो, तसा देह आपण होऊन काटकसर करू लागतो. मनुष्य नकळत कमी हालचाल करतो. बसल्या जागेवरून उठण्याचा आळस येतो.

ही काटकसर खरी असली तरी सात आठवड्यांचा अडसर केवळ तिच्याने पडत नाही. येथेच बहुतेक लोकांची समजूत चुकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधक केविन हॉल यांनी २०११ साली नवा हिशेब दिला. रोजच्या आहारातून सुमारे २४ उष्मांक कायमचे कमी केले तर वजन अखेरीस एक किलोने उतरते. त्यातील निम्मी उतरण वर्षभरात होते आणि जवळजवळ संपूर्ण उतरण व्हावयास तीन वर्षे लागतात. आता आमच्या पत्रलेखिकेचे उदाहरण घ्या. चार महिन्यांत आठ किलो, याचा अर्थ आरंभी रोज ५०० उष्मांकांची तूट तरी पडत होती. ती तशीच टिकली असती तर उतरण मंदावली असती, पण चौथ्या महिन्यात थांबली नसती. ती संथपणे पुढे चालू राहिली असती. उलट, ६६ किलोवर स्थिर राहण्यास जुन्या आहारापेक्षा रोज सुमारे २०० उष्मांक कमी पुरतात. तेव्हा उरलेली ३०० उष्मांकांची तूट कोठेतरी भरून निघाली असली पाहिजे. एवढ्यापुरते सासूबाईंचे अनुमान योग्य आहे.

मग बाईंची शपथ? तीही योग्यच आहे. न्यूयॉर्कमध्येच १९९२ साली लिक्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा स्थूल व्यक्तींची परीक्षा केली की ज्यांची तक्रार होती, 'आम्ही १,२०० उष्मांकांहून कमी खातो, तरी वजन उतरत नाही.' विशिष्ट प्रकारचे पाणी पाजून देहाचा खरा खर्च मोजण्याची एक रीत आहे, तिचा अवलंब केला. त्यांचा चयापचय यथास्थित निघाला. परंतु त्यांनी सांगितलेला आहार खऱ्या आहाराहून ४७ टक्क्यांनी कमी होता आणि सांगितलेले श्रम खऱ्याहून ५१ टक्क्यांनी अधिक! ही माणसे लबाड नव्हती. मनुष्याला आपण खाल्लेले मोजता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रोजच्या जेवणाची जमाखर्चाची वही ठेवावयास बसल्यावाचून हे कोणाला कळत नाही.

आता हे नकळत खाणे का वाढते, त्याचे कारण २०१६ सालच्या एका अभ्यासात मिळते, आणि आमच्या मते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे ज्ञान तेच आहे. मधुमेहावर लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे एक औषध आहे. रोग्याला न कळत त्याचे उष्मांक निघून जातात आणि वजन उतरते. अशा १५३ रोग्यांच्या वजनावरून हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित केले, तेव्हा असे दिसले की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे देहाचा खर्च दिवसास २०-३० उष्मांकांनी घटतो, परंतु भूक सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. म्हणजे देहाच्या काटकसरीपेक्षा भुकेचा ओढा तिपटीहून जास्त! आठ किलो उतरलेल्या बाईंना ती भूक रोज रेटत असते आणि त्या तिला रोज परतवून लावतात. सात आठवडे काटा अडला म्हणजे त्या हरल्या असे नव्हे. भूक आणि संयम यांची बरोबरी झाली आहे. चोरून खाण्याचा आळ घेणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

भुकेचे सामर्थ्य किती असते याची साक्ष मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली निघाली. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे हे ठरविण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार देणारे हे तरुण आपण होऊन पुढे आले होते. त्यांना चोवीस आठवडे दिवसास सरासरी १,६०० उष्मांकांच्या आतबाहेर अन्न दिले आणि आठवड्यास २२ मैल चालविले. वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले, आणि शेवटी शेवटी उतरण जवळजवळ थांबली. स्वस्थ असतानाचा चयापचय चाळीस टक्क्यांनी खाली आला होता. पण पुढचे पाहा. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणारे हे निग्रही पुरुष ताटे चाटू लागले, अन्नाचीच स्वप्ने पाहू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले! आजकाल १,२०० उष्मांकांचे तक्ते सर्रास हातोहात फिरतात. त्यांवर बिनबोभाट चालावे अशी अपेक्षा घरकाम, मुले व नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रीकडून करणाऱ्यांनी हा वृत्तांत अवश्य वाचावा. रात्रीचे जेवण सोडू नये असे आम्ही म्हणालो ते एवढ्याचसाठी. जी भूक आधीच वाढली आहे तिला आणखी चेतविले, तर ती चार दिवसांनी दामदुप्पट वसूल करते. आमच्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. एका बशी साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, दाण्याचे कूट व तूप मिळून पाचशे उष्मांक सहज जातात.

तर हे ३०० उष्मांक सांगलीच्या स्वयंपाकघरात कोठून आले असावेत? आम्ही तेथे पाहावयास गेलो नाही, पण आपली स्वयंपाकघरे सारखीच असतात. जी स्त्री रांधते ती आमटी चाखते, उसळीचे मीठ पाहते, मुलाच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी अन्न वाया जाऊ नये म्हणून संपविते. अर्ध्या पोळीचे ५०-६० उष्मांक होतात. दाण्याचे कूट मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरले तर १७०. वरणावरचे तूप एक चहाचा चमचा, ४५. यांतले एकही 'खाल्ले' म्हणून गणले जात नाही, कारण पान मांडून ते वाढलेले नसते. आणि तेल! एकत्र कुटुंबात तेलाचा हिशेब काढण्याची आमची रीत अशी : डबा फोडला त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी. १५ किलोंचा डबा दहा माणसांत महिन्याभरात संपला तर माणशी रोज ५० ग्रॅम झाले. त्याचे ४५० उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० उष्मांकांच्या आदर्श ताटात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. फरक २३ ग्रॅमचा, म्हणजे २०० उष्मांकांहून थोडा जास्तच! या फरकात सूनबाईंचा कोणता अपराध? फोडणी सगळ्या घराची एक असते. भात निम्म्याने कमी केला तरी भाजीतले तेल निम्म्याने कमी होत नाही.

म्हणून आमची पहिली सूचना बाईंना नसून घराला आहे. डबा महिन्याऐवजी दीड महिना पुरवावा. त्याने सासऱ्यांच्या रक्तदाबाचे आणि मुलांचेही काही बिघडणार नाही, चार दिवस जिभेची कुरकूर होईल एवढेच. कोणाचे पथ्य चालू असले म्हणजे तिच्यासाठी वेगळे ताट, वेगळी भाजी आणि वर टोमणे, असा जो प्रघात दिसतो तो आम्हांस मुळीच पसंत नाही.

बाईंनी दोन आठवडे एक वही ठेवावी. जेवण नव्हे, तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ लिहावा, चाखलेली आमटीसुद्धा. कोणास दाखविण्यासाठी नव्हे; वही आपली आपल्याजवळ. तत्पूर्वी काटा खरोखरच अडला आहे ना याचीही खात्री करावी. मासिक पाळीच्या आधी, पापड-लोणच्याच्या खारट जेवणानंतर, प्रवासानंतर देहात पाणी साचते आणि किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. आरंभीच्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते तेही बव्हंशी पाणीच असते. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन घेऊन आठवड्याची सरासरी काढावी व चार सरासऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. फितीने कंबर मापावी. भारतीय स्त्रियांनी ती ८० सेंटीमीटरच्या आत राखावी असा संकेत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपलेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी एकसारखे, पण चरबी युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! आपल्या लोकांस निव्वळ काट्यावर विसंबून चालत नाही, ते यासाठी.

भूक शमविणाऱ्या अन्नाविषयी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात एक मार्मिक विचार आहे. स्थूल मनुष्याचा जाठराग्नी प्रदीप्त असतो, त्याला भूक फार लागते हे आचार्यांनी ओळखले होते. म्हणून त्याला पचनास जड परंतु पोषणास हलके अन्न द्यावे असे ते सांगतात, आणि जव, मूग, कुळीथ यांची नावे घेतात. आमच्या घरांत पातळ वरणाचे पाणी भातावर घालण्याची सवय आहे, तिच्या जागी दाट वरण, मटकीची किंवा मुगाची उसळ, कुळथाचे पिठले, ताक, आणि पानाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने व्यापलेला, असे करून पाहावे. प्रथिने पुरेशी गेली की पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. त्याच अध्यायात व्यायाम क्रमाक्रमाने वाढविण्यास सांगितले आहे, तेही ग्राह्य. परंतु जागरणही वाढवावे असे तेथे म्हटले आहे, ते मात्र आजच्या प्रयोगांपुढे टिकत नाही. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या एका प्रयोगात तेच लोक, तोच आहार, पण रात्री साडेआठ तासांऐवजी साडेपाच तासच बिछान्यावर, असे चौदा दिवस ठेवले. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. पण कमी झोपेच्या वेळी उतरलेल्या वजनात चरबी निम्म्याहूनही कमी, आणि भूक अधिक. आम्ही चरकाचार्यांना वंदन करतो व झोपेच्या बाबतीत शिकागोचे ऐकतो.

फिरणे चालू ठेवावेच. त्यात आठवड्यातून तीनदा सूर्यनमस्कार व बैठका यांची भर घालावी. एकट्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही हे स्पष्ट सांगितलेले बरे, नाहीतर पुन्हा निराशा. पण उतरलेले वजन तेथे धरून ठेवण्यास आणि स्नायू राखण्यास त्याच्यासारखे साधन नाही. चाळिशीनंतर चयापचयच मंदावतो, आता काय उपयोग, असे जे बोलले जाते त्यात तथ्य नाही. १९२१ नव्हे, २०२१ साली सहा हजारांहून अधिक लोकांच्या मापनावरून प्रसिद्ध झाले आहे की, वयाच्या विसाव्यापासून साठाव्या वर्षापर्यंत तो जवळजवळ स्थिर असतो.

एवढे करूनही मन थकले असेल तर पंधरा दिवस विसावा घ्यावा. सणावारांचे दिवस त्यास उत्तम. वजन उतरविण्याचा हट्ट सोडून ते फक्त ६६ वर राखावे. ऑस्ट्रेलियात ५१ स्थूल पुरुषांवर केलेल्या प्रयोगात दोन आठवडे पथ्य व दोन आठवडे विसावा घेणाऱ्यांचे वजन सलग पथ्य करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले. पुढील काही प्रयोगांत तसा लाभ दिसला नाही, पण विसाव्याने तोटा झाल्याचेही दिसले नाही.

डॉक्टरांकडे जाण्याचे प्रसंग वेगळे ओळखावेत. थकवा, थंडी न सोसणे, केस गळणे, पाळीची अनियमितता असेल तर थायरॉईडची तपासणी करावी. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मनोविकारांवरील काही औषधे वजन वाढवितात. ती आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि मधुमेहाची औषधे चालू असता लंघन तर मुळीच करू नये. आठवड्यास एक टोचणी घ्यावयाची नवी औषधे, सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड, यांचा बोलबाला २०२५ सालापासून आपल्याकडेही झाला आहे. त्यांचे मुख्य कार्य भूक कमी करणे हेच. त्यांनीही वजन वर्ष-सव्वा वर्षाने एका पातळीवर थांबते, आणि सेमाग्लुटाइड सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आल्याचे नोंदले गेले आहे. डॉक्टरांनी दिले तर घ्यावे. शेजारीण घेते म्हणून नव्हे.

बाईंचे मूळ दुखणे वजन नसून साखर होते, हे त्या स्वतः विसरल्याचे पत्रावरून दिसते. अमेरिकेत २००२ साली ३,२३४ लोकांवरील प्रयोगात सात टक्के वजन उतरविण्याचे ध्येय आणि आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. बाईंनी दहा टक्क्यांहून अधिक उतरविले आहे. याहून बोलका अनुभव चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ५३१ भारतीय होते. आहार-व्यायाम पाळणाऱ्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नाही, तरी मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर पुन्हा तपासून घ्यावी आणि तो कागद सासूबाईंना वाचून दाखवावा. आणखी पाच-सहा किलो उतरणे इष्ट आहे हे खरे, पण त्यास वर्ष लागले तरी हरकत नाही.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे की, सकाळी कढत पाण्यात लिंबू व मध घेतल्याने चरबी वितळते काय? वितळत नाही. मधाच्या एका चहाच्या चमच्यात २० उष्मांक असतात, ते वहीत लिहावेत. शिवाय मधाला उष्णतेचा संपर्क होऊ नये असे चरकसंहितेतच म्हटले आहे, तेव्हा या उपायाला आयुर्वेदाचे नाव देणाऱ्यांनी निदान पाणी तरी गार घ्यावे.